अंबुजाक्षन मास्तरांचे चौकोनी पुठ्ठे

अंबुजाक्षन मास्तरांना फक्त एवढंच करायचं होतं की वर्गातल्या प्रत्येक पोराच्या डोक्यात काय चाललंय ते एकदा बघावं. एवढ्या साध्या गोष्टीपायी शिक्षणाधिकारी गावात येतील, केळ्याच्या भज्यांचे घाणेच्या घाणे निघतील आणि मास्तरांच्या भाचीच्या लग्नाची पत्रिका, लग्न होऊन ती मुलगी सासरी रुळल्यावर, गावात पुन्हा वाटली जाईल, हे त्यांना आधी कुणी सांगितलं असतं तर त्यांनी कमरेला गुंडाळलेला मुंडू आवरून गुपचूप फळ्याकडे तोंड केलं असतं. पण असलं काही आधी सांगणारा माणूस आमच्या पुळियनकडव गावात नाही. झाल्यावर सांगणारे मात्र गल्लोगल्ली आहेत.

सुरुवात झाली मे महिन्यातल्या शिक्षक प्रशिक्षणात. जेवणाच्या आधीचा तास होता. बाकीचे मास्तर सांबाराच्या वासाकडे लक्ष ठेवून बसले होते, आणि पुढे एक तरुण मुलगी मोबाईलवर काहीतरी दाखवत होती. आमचे मास्तर तेवढे ऐकत होते. म्हणजे त्यांचा डबा घरून आला होता, त्यामुळे त्यांना सांबाराची काळजी नव्हती. ती मुलगी सांगत होती ते असं की प्रत्येक पोराच्या हातात एक पुठ्ठा द्यायचा. पुठ्ठ्यावर काळ्यापांढऱ्या चौकोनांची नक्षी, प्रत्येकाची वेगळी. मास्तरांनी प्रश्न विचारायचा, चार उत्तरं द्यायची. पोराने आपल्याला वाटेल ती बाजू वर करून पुठ्ठा धरायचा. मास्तरांनी मोबाईल वर्गावरून असा फिरवला की कुणाचं उत्तर बरोबर, कुणाचं चूक, हे नावासकट पडद्यावर हजर. पोरांना मोबाईल नको, इंटरनेट नको, शेजारच्याचं बघून काही कळतही नाही, कारण त्या नक्षीतून उत्तर वाचणं माणसाच्या बापाला जमत नाही.

मास्तर घरी आले ते पेटूनच. त्यांची बायको सौदामिनी सहकारी बँकेत आहे, आणि बँकेतल्या माणसाला पेटलेल्या माणसांची सवय असते.

"पुठ्ठे मी करीन," मास्तर म्हणाले. "तू फक्त ते प्लास्टिकमध्ये बसवून आण."

तिने आणले. चकचकीत, सुंदर. मास्तरांनी मोबाईल रोखला तर मोबाईलला त्या चकाकीत खोलीतला दिवा, खिडकी आणि स्वतः मास्तर एवढंच दिसायला लागलं. पुठ्ठा काही दिसेना. सगळं सोलून काढावं लागलं. मग पुन्हा छापून ते जाड कशावर तरी चिकटवणं भाग होतं, आणि घरात जाड म्हणाल तर एकच गोष्ट होती. भाचीच्या लग्नात मास्तरांनी हौसेने पत्रिका जास्त छापल्या होत्या. कपाटाखाली गठ्ठा तसाच पडून होता. सोनेरी कडा, गणपती, आतून मखमली कागद. मास्तरांनी एका बाजूला नक्षी चिकटवली. दुसऱ्या बाजूला वधूवरांची नावं, मुहूर्त आणि 'सहकुटुंब यावे' हे तसंच राहिलं.

"मुलं वाचतील की," सौदामिनी म्हणाली.

"वाचू देत. वाचनाची सवय लागेल," मास्तर म्हणाले. हे वाक्य पुढे त्यांच्या चांगलंच अंगाशी येणार होतं.

शाळा सुरू झाल्यावर सहावीच्या वर्गात त्यांनी पहिला प्रयोग केला. विषय अपूर्णांकांची बेरीज. हा धडा मास्तरांच्या हातचा मळ. एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश किती, असं विचारलं की पुढच्या बाकांवरून ठरलेले चार-पाच हात वर येत, त्यातल्या कुणीतरी सात द्वादशांश असं खणखणीत उत्तर देई, मास्तर 'शाब्बास' म्हणत आणि पान उलटत. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. मास्तरांना त्यात काही खोट दिसत नव्हती, आणि हात वर न करणाऱ्यांनी कधी तक्रार केली नव्हती.

त्या दिवशी मात्र हात नव्हते, पुठ्ठे होते. मास्तरांनी मोबाईल फिरवला आणि त्याला जोडलेल्या भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. पुढच्या बाकांची चार-पाच नावं हिरवी. बाकी सगळा वर्ग लाल. आणि सगळ्यांचं उत्तर एकच: दोन सप्तमांश. वरच्याची बेरीज वर, खालच्याची बेरीज खाली. मागच्या बाकावर हाजरा नावाची एक मुलगी बसते. तिचा आवाज हजेरीलाही ऐकू येत नाही, नुसते ओठ हलतात. तिचंही नाव लाल होतं. तिने पडद्यावर सगळीकडे लाल बघितलं आणि हसली. आपण एकटी नाही हे तिला तेव्हा कळलं असावं.

मास्तर खुर्चीवर बसले. ते वर्गात कधी बसत नाहीत.

मग उठले आणि त्यांनी तो धडा पहिल्यापासून शिकवला. नारळ फोडून नव्हे, नारळ महाग आहेत; कागदाच्या पट्ट्या घड्या घालून. पुन्हा पुठ्ठे. थोडं हिरवं झालं. पुन्हा पट्ट्या, पुन्हा पुठ्ठे. तास संपेपर्यंत हाजराचं नाव हिरवं झालं होतं, आणि आमचे मास्तर, ज्यांनी स्वतःच्या लग्नातही चेहरा सरळ ठेवला होता, ते रुमालाने चष्मा पुसत होते.

त्या संध्याकाळी ते बायकोला म्हणाले, "सौदामिनी, मी आजवर पाच पोरांना शिकवलं ग. बाकीची नुसती बसून होती."

तिने त्यांच्यापुढे चहा ठेवला. असल्या वेळी काय करायचं हे तिला नीट कळतं.

आता गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण शेजारच्या वर्गात कार्त्यायनी टीचर हिंदी शिकवत होत्या.

कार्त्यायनी टीचरांबद्दल काय सांगावं. पुढच्या वर्षी निवृत्त होणार, केस पांढरे, साडीची इस्त्री कडक आणि जीभ त्याहून कडक. त्यांच्या वर्गात पोरं श्वास परवानगी घेऊन घेतात. मास्तरांच्या वर्गातून त्या दिवशी काही आवाजच येईना, म्हणून त्या बघायला आल्या. गोंधळ झाला असता तर त्या आल्या नसत्या. शांततेचा त्यांना संशय आला. दारातून त्यांनी काय पाहिलं? मास्तर मोबाईल हातात घेऊन वर्गावरून फिरवतायत आणि पोरं लग्नपत्रिका उंच धरून बसलीत.

त्या तडक मुख्याध्यापिकांकडे गेल्या. मेरीक्कुट्टी टीचर मुख्याध्यापिका. भली बाई, पण परिपत्रकाला देवासारखी भिणारी. वर्गात शिक्षकांनी मोबाईल वापरू नये असं परिपत्रक होतं, आणि ते त्यांच्या टेबलावर काचेखाली होतं.

"मास्तर, तुमचा हेतू चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण हेतूचं परिपत्रक नाही. मोबाईलचं आहे."

"टीचर, तो मोबाईल म्हणून वापरत नाही मी. खडूसारखा वापरतो."

"खडूवर फोन येत नाही," कार्त्यायनी टीचर म्हणाल्या.

मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण उत्तर सुचलं ते रात्री जेवताना, आणि तेही तितकंसं चांगलं नव्हतं.

निकाल असा लागला: शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत पुठ्ठे मुख्याध्यापिकांच्या कपाटात. मास्तरांच्या डोळ्यांदेखत किल्ली फिरली. दुसऱ्या दिवशी सहावीत दशांश अपूर्णांक सुरू झाले. मास्तरांनी प्रश्न विचारला. चार-पाच हात वर आले. मास्तरांनी त्या हातांकडे पाहिलं, मग मागे हाजराकडे पाहिलं. ती खाली बघत होती. मास्तरांना काही केल्या पान उलटवेना.

म्हणून त्यांनी अर्ज केला. अर्ज करण्याआधी कणारनच्या चहाच्या टपरीवर ही गोष्ट निघाली, ती त्यांची चूक. टपरीवर बसलेल्या मंडळींनी सल्ल्यांचा नुसता धबधबा सोडला. एक म्हणाला, मास्तर, अर्जात मोबाईल लिहूच नका, 'उपकरण' लिहा. दुसरा म्हणाला, 'उपकरण' लिहिलंत तर खरेदी समिती लागेल. तिसऱ्याने विचारलं की ते पुठ्ठे निवडणुकीत चालतील का, कारण आमच्याकडे कुठल्याही नव्या गोष्टीला हाच पहिला प्रश्न असतो. कणारन चहा उंचावरून ओतत म्हणाला, "मास्तर, साहेबाला बोलावूनच घ्या. कागदावर नाही म्हणणं सोपं असतं. भजी खाल्ल्यावर जड जातं."

आणि अर्ज पोचल्यावर नेमका त्या शिक्षणाधिकारी साहेबांचाच फोन आला. मास्तरांनी गुडघ्यावर दुमडलेला मुंडू झटकन खाली सोडला, फोनवर दिसत नसतानाही, आणि ताठ उभे राहून बोलले. साहेब म्हणाले, अर्ज मनोरंजक आहे. वाचनसप्ताहात मी तुमच्या भागात आहेच. शिक्षकांनीही वाचावं अशी माझी यंदाची कल्पना आहे. तुमच्या शाळेने शिक्षकांसाठी एक पुस्तक सुचवावं, सगळ्यांनी ते वाचावं, आणि तुमच्या त्या यंत्राने आमचीच चाचणी घेऊन दाखवा. पटलं तर परवानगी. नाही पटलं तर विषय संपला.

"आणि प्रश्न तुम्ही काढायचे नाहीत," साहेब म्हणाले. "यंत्र तुमचं, प्रश्नही तुमचेच, असं नको."

मास्तरांनी 'होय साहेब' म्हटलं आणि पुस्तक सुचवण्याचं घोंगडंही त्यांच्याच गळ्यात पडलं.

आता इथे एक खाजगी गोष्ट. मास्तर वाचतात. वर्तमानपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत, मृत्यूच्या बातम्यांसह. पण शिक्षणावरचं पुस्तक म्हणाल तर नोकरी लागल्यापासून त्यांनी एकही पुरं केलं नव्हतं. गावच्या वाचनालयात ते गेले. वाचनालयाचे सचिव चात्तुक्कुट्टी म्हणजे पुस्तकांपेक्षा सभांचे रसिक; पण कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर हे विचारायची सोय त्यांच्याकडेच. ते चहा सांगायला बाहेर गेले तेवढ्यात मास्तरांच्या हाताला एक जाडजूड पुस्तक लागलं. कुणा निवृत्त मास्तराने लिहिलेलं, मुलं गणितात कशी आणि का चुकतात यावर. मास्तरांनी उभ्या उभ्या प्रस्तावना वाचली. त्यात एक वाक्य होतं: 'मूल चुकतं तेव्हा ते आपल्याला काहीतरी सांगत असतं.' मास्तरांच्या डोळ्यांपुढे तो लाल पडदा आला. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "हेच."

शाळेच्या ग्रुपवर त्यांनी ते वाक्य टाकलं आणि खाली लिहिलं: 'प्रत्येक शिक्षकाने वाचायलाच हवं असं पुस्तक.' भराभर अंगठे आले. कार्त्यायनी टीचरांचा अंगठा आला नाही. त्यांनी विचारलं, 'तुम्ही वाचलंत?' मास्तरांनी लिहिलं, 'वाचतोय.' ते खोटं नव्हतं. रात्री ते खरोखर वाचायला बसणार होते.

पण रात्री चात्तुक्कुट्टी आले, कार्यक्रमपत्रिका घेऊन.

आमच्या गावात दिवा लावायचा झाला तरी सभा होते, आणि सभा झाली की कार्यक्रमपत्रिका छापली जाते. अध्यक्ष, उद्घाटक, स्वागत, प्रमुख भाषण, शुभेच्छा आणि आभार. यातलं शुभेच्छा हे सर्वांत धोक्याचं कलम. जो माणूस कुठेच बसत नाही तो शुभेच्छांमध्ये बसतो, आणि ज्याचं नाव तिथे राहून जातं तो माणूस पुढच्या ओणमच्या सणापर्यंत बोलत नाही. पहिल्या मसुद्यात शुभेच्छांत मोजकी नावं होती. पालकसंघाचं नाव राहिलं म्हणून ते घातलं. मग माजी विद्यार्थी संघ. मग देवळाची समिती, मग मशिदीची, मग व्यापारी संघटना. मग दोन्ही पक्षांचे लोक, आणि कुणाचं नाव वर यावरून सबंध एक संध्याकाळ. मास्तर पुस्तक उघडायचे आणि फाटकाची कडी वाजायची. शेवटी ज्यांना ऐकायला बोलवायचं ती सगळी माणसं बोलणाऱ्यांत गेली आणि समोर बसायला कोण उरलं हा प्रश्न पडला.

"मुलं आहेत की," चात्तुक्कुट्टी म्हणाले.

"मुलांना सुट्टी देताय ना त्या दिवशी? भजी तळायला शाळेचं स्वयंपाकघर हवंय म्हणून?" सौदामिनीने विचारलं. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग सहावी तेवढी बसवायची ठरली.

आभाराचं काम कार्त्यायनी टीचरांना दिलं. आभार नेहमी अडचणीच्या माणसाला देतात. तोवर सगळे उठलेले असतात, तो काय बोलला ते कुणी ऐकत नाही.

फलक झाला. फलकावर मास्तरांचा फोटो इतका मोठा आला की रस्त्यावरून जाणारी एक म्हातारी हात जोडून 'कधी गेले?' म्हणून विचारून गेली. मास्तरांनी तो उतरवून लहान करून आणला. त्यात एक दिवस गेला. खुर्च्या, माईक, प्रोजेक्टर, भज्यांसाठी पिकली केळी. मेरीक्कुट्टी टीचर साहेबांच्या स्वागतगीताच्या तालमीत बुडाल्या. प्रश्न काढायचं काम चात्तुक्कुट्टींकडे होतं, आणि त्यांनी ते वाचनालयातल्या, पुस्तक आधीच वाचलेल्या एका पोरसवदा सभासदावर ढकलून दिलं. वाचनसप्ताहात आख्खं गाव इतकं घाईत होतं की वाचायला कुणाला फुरसत नव्हती. मास्तर प्रस्तावनेच्या पुढे थोडेच गेले, आणि तिथे एक केळ्याचं सालपट खूण म्हणून राहिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मंच भरून वाहत होता. साहेब आले, गोल चेहऱ्याचे, घामेजलेले, बरे वाटावेत असे गृहस्थ. त्यांनी दीप लावला आणि उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले, "या पुस्तकाने मी अस्वस्थ झालो. मूल चुकतं तेव्हा ते आपल्याला काहीतरी सांगत असतं." टाळ्या. मग मेरीक्कुट्टी टीचर म्हणाल्या की पुस्तकातलं एक वाक्य त्यांना फार भिडलं, आणि त्यांनी तेच सांगितलं. पालकसंघाला तेच भिडलं होतं. व्यापारी संघटनेला तेच. देवळाला आणि मशिदीला तेच. दोन्ही पक्षांचं या गावात कशावर एकमत झालं असेल तर त्या वाक्यावर. सहावीची पोरं एव्हाना वक्त्याच्या आधीच ते पुटपुटायला लागली होती.

मास्तरांना घाम फुटला तो तेव्हा. त्यांना एकदम कळलं की शाळेच्या ग्रुपवरून ते वाक्य गावभर फिरलं आणि सगळ्यांनी तिथूनच उचललंय.

पुठ्ठे वाटले गेले. साहेबांनी आपला उलटा करून पाहिला आणि वाचलं, "सहकुटुंब यावे." मग मास्तरांकडे बघून म्हणाले, "लग्न नीट पार पडलं ना?"

"पडलं साहेब. मुलगी सुखात आहे."

"सगळ्यांची परीक्षा आणि मास्तरांची नाही?" कार्त्यायनी टीचर कोपऱ्यातून म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर पर्स होती आणि पर्सवर तेच जाड पुस्तक, स्वतः विकत मागवलेलं, पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मास्तरांनी एक पुठ्ठा डाव्या हातात घेतला. एका हाताने मोबाईल आणि दुसऱ्याने पुठ्ठा, अशी कसरत सुरू झाली.

पहिला प्रश्न प्रस्तावनेतला होता. मूल चुकतं तेव्हा ते काय करत असतं? पडदा हिरवागार झाला. मंचावर टाळ्या, खाली टाळ्या. साहेबांनी मेरीक्कुट्टी टीचरांकडे वाकून 'छान आहे हो' म्हटलं. मास्तरांच्या मनात परवानगीच्या कागदावर सहीदेखील झाली.

दुसरा प्रश्न आला: पुस्तकातला जो मुलगा वर्गात रोज गुणाकार चुकतो, तो बाजारात कुठल्या दुकानात बसून तेच गुणाकार अचूक करतो? साहेबांनी पुठ्ठा एकीकडे वळवला, मग दुसरीकडे, मग शेजारच्याचा बघितला. पालकसंघाने छताकडे पाहिलं. मास्तरांनी मोबाईल फिरवला आणि पडद्यावर लाल नावांची रांग लागली. पहिलंच नाव साहेबांचं, कारण मेरीक्कुट्टी टीचरांनी आदराने ते वर घालायला लावलं होतं. खाली कुठेतरी अंबुजाक्षन हेही लाल. एक नाव हिरवं होतं, पण ते बघण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

तिसरा प्रश्न, तेच. चौथा, तेच. सहावीची पोरं आनंदाने गुदमरत होती. आपले सगळे मोठे, एका दमात, लाल. हाजराने तोंडावर हात दाबून धरला होता.

साहेबांनी पुठ्ठा खाली ठेवला. चेहरा लाल नव्हता, पण फारसं अंतरही नव्हतं.

"या यंत्रात दोष दिसतो," ते म्हणाले.

आणि मंचावर केवढा मोठा निःश्वास सुटला म्हणून सांगू. सगळ्यांना एकदम रस्ता सापडला. चात्तुक्कुट्टी म्हणाले, दमट हवेत या यंत्रांचं असंच होतं. मेरीक्कुट्टी टीचर म्हणाल्या, विजेचा दाब सकाळपासून कमीजास्त होतोय. व्यापारी संघटनेला चिनी मालाबद्दल थोडं बोलायचं होतं. साहेब मास्तरांकडे वळले. आवाज मऊ होता.

"काय मास्तर? दोषच ना? तुम्ही पुस्तक सुचवलंत, तुमचंही चूकच दाखवतंय की ते."

मास्तरांच्या हातात दोन गोष्टी होत्या: मोबाईल आणि पुठ्ठा. एक 'हो' म्हटलं की झालं. साहेबांची अब्रू राहते, शाळेची राहते, स्वतःची राहते. फलकावरचा फोटो तसाच हसत राहतो. फक्त पुठ्ठे पुन्हा कपाटात जातात आणि वर्गात पुन्हा चार-पाच हात वर येतात. मास्तरांनी समोर पाहिलं. हाजरा हसायची थांबली होती आणि त्यांच्याकडे बघत होती. तिला पडद्यावर लाल दाखवलं होतं तेव्हा मास्तर म्हणाले नव्हते की यंत्रात दोष आहे. पट्ट्या कापायला बसले होते.

"यंत्र बरोबर आहे साहेब," मास्तर म्हणाले. "मी पुस्तक वाचलेलं नाही. प्रस्तावना वाचली. मग ही सभा आली."

खाली खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मंचावर सगळे आपापल्या पुठ्ठ्याची मागची बाजू वाचायला लागले. वधूवरांची नावं इतक्या बारकाईने लग्नातही कुणी वाचली नसतील. मास्तरांना वाटलं, गेलं सगळं. परवानगी गेली, पुठ्ठे गेले, इज्जत तर गेलीच.

चात्तुक्कुट्टींना काही सुचेना तेव्हा त्यांनी सवयीने पुढचं कलम पुकारलं. आभार.

कार्त्यायनी टीचर उठल्या. पदर सावरला, माईक आपल्या उंचीला खाली ओढला. पुळियनकडवच्या इतिहासात आभाराच्या वेळी एकही माणूस दाराकडे गेला नाही असं पहिल्यांदाच घडलं.

"मी या फोनच्या विरुद्ध आहे," त्या म्हणाल्या. "आजही आहे. मास्तरांचं म्हणणं खोडून काढायचं म्हणून मी हे पुस्तक वाचायला घेतलं. माणूस भांडणासाठी फार नीट वाचतो. शेवटच्या पानापर्यंत वाचलं. तो मुलगा वडिलांच्या वजनकाट्यावर बसतो, मासळीच्या दुकानात. बघा ते नाव पडद्यावर."

सगळ्यांनी पाहिलं. लाल रांगेत एकच हिरवं नाव, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत. कार्त्यायनी.

"मी वाचलं, तर ते म्हणतं वाचलं. यांनी नाही वाचलं, तर ते म्हणतं नाही वाचलं. मग दोष कशात आहे? मी जन्मभर शिक्षकांच्या बैठकांना बसतेय. 'समजलं का' विचारलं की सगळ्यांच्या माना हलतात. माझीही हलते. साहेब, मुलांना याची परवानगी द्या न द्या, आमच्या बैठकीत मात्र हे सक्तीचं करा." मग त्या थांबल्या आणि मास्तरांकडे न बघता म्हणाल्या, "आणि एवढ्या माणसांसमोर 'मी वाचलं नाही' म्हणणारा मास्तर मी नोकरीत दुसरा पाहिला नाही. त्यांचे आभार. बाकी सगळ्यांचेही आभार, छापलंय म्हणून."

पहिल्यांदा कोण हसलं ते ठाऊक नाही. मला वाटतं साहेबच. पोट धरून, घाम पुसत, खुर्चीच्या पाठीला टेकून. मग मंच हसला, मग सहावी तर सुटलीच. साहेबांनी मास्तरांना जवळ बोलावलं, भज्यांची बशी पुढे केली आणि म्हणाले, "परवानगी दिली. लेखी येईल. आणि त्या पुस्तकाची मला एक प्रत पाठवा. आता वाचावंच लागणार, पुन्हा याल तुम्ही फोन घेऊन."

कणारन नंतर टपरीवर सांगत होता की हे सगळं त्याच्या भज्यांमुळे झालं. त्याला कुणी विरोध केला नाही. मास्तरांनी प्रत परत करताच वाचनालयात त्या पुस्तकासाठी रांग लागली आणि मास्तरांचा नंबर शेवटून दुसरा आला, कारण शेवटचा चात्तुक्कुट्टींचा होता.

पुठ्ठे कपाटातून निघाले त्या सोमवारी कार्त्यायनी टीचर सहावीच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांचा तो तास मोकळा होता. पोरं आपोआप ताठ झाली.

"मला पण एक द्या," त्या म्हणाल्या आणि मागच्या बाकावर, हाजराच्या शेजारी जाऊन बसल्या. बाक छोटा, टीचर उंच, गुडघे बाहेर.

मास्तरांनी उजळणी म्हणून सोपाच प्रश्न घातला. एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश. पुठ्ठे वर आले. मोबाईल फिरला. पडदा हिरवा झाला, वरपासून खालपर्यंत, हाजरासकट. शेवटचं एकच नाव लाल राहिलं. उत्तर: दोन सप्तमांश.

वर्गात कुणी हसलं नाही. हसायची कुणाची छाती होती? मास्तरांना एकदम त्या बाईबद्दल अपार माया वाटली आणि त्यांचा अंगठा पडदा विझवायला सरकला.

"टीचर, यंत्रात काहीतरी..." ते चाचरले. "हवा दमट आहे."

"यंत्र बरोबर आहे, मास्तर," मागच्या बाकावरून आवाज आला. "मला हे शाळेत असल्यापासून कळलेलं नाही. लाजेने कुणाला विचारलं नाही. पुन्हा शिकवा."

मास्तर टेबलाकडे पट्ट्या शोधायला वळले. पण पट्ट्या तिथे नव्हत्या. हाजराने आपल्या दप्तरातून कागदाची एक पट्टी काढली होती आणि टीचरांच्या समोर ठेवून ती हलक्या आवाजात, पण सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगत होती, "आधी याच्या तीन घड्या घालायच्या, टीचर."